वजनाच्या ऑपरेशनआधी इतक्या तपासण्या कशाला?

महाड किंवा पोलादपूरचा माणूस वजन कमी करण्याच्या ऑपरेशनची चौकशी करायला मुंबईला, नवी मुंबईला किंवा पुण्याला जातो, तेव्हा पहिल्या भेटीनंतर त्याच्या हातात पडते ती तपासण्यांची लांबलचक यादी. रक्ताच्या पंधरा-वीस तपासण्या, कार्डिओग्राम, टू डी इको, छातीचा एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी, फुप्फुसांची तपासणी, झोपेची तपासणी, तोंडातून दुर्बीण घालून जठराची पाहणी. शिवाय आहारतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ यांच्या भेटी. ऑपरेशनसाठी मनाची तयारी केलेला माणूसही हे वाचून गळाठतो. काही भलतंच निघालं तर? एखादा रिपोर्ट खराब आला म्हणून ऑपरेशनच नाकारलं तर? आणि एवढं सगळं खरंच लागतं, की कुणाचा तरी धंदा चालावा म्हणून लिहून दिलंय? हे तिन्ही प्रश्न रास्त आहेत. ‘घाबरू नका, नेहमीच्याच तपासण्या आहेत’ एवढ्यावर त्यांची बोळवण करणं बरोबर नाही. माझं म्हणणं असं की, यातल्या प्रत्येक तपासणीबद्दल एकच गोष्ट विचारावी: हिचा निकाल वेगळा आला तर डॉक्टर काय वेगळं करतील? ज्या तपासणीबद्दल याचं नेमकं उत्तर मिळतं ती मनापासून करून घ्यावी. जिच्याबद्दल मिळत नाही, ती लगेच करण्याआधी पुन्हा विचारावं. धास्ती कमी करण्याचा याहून खात्रीचा उपाय मला दिसत नाही.

आधी ऑपरेशन काय असतं ते थोडक्यात पाहू. सर्वांत जास्त होणाऱ्या प्रकारात, म्हणजे स्लीव्हमध्ये, जठराचा सुमारे तीन चतुर्थांशाहून अधिक भाग कापून काढतात आणि उरलेलं जठर नळीसारखं होतं. बायपासमध्ये जठराच्या वरच्या भागाची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. दोन्ही दुर्बिणीतून होतात, पोटावर चार-पाच लहान छेद असतात. पंधरा ते एकोणपन्नास वयोगटातल्या देशातल्या जवळजवळ चौथ्या हिश्श्याच्या स्त्रियांचं आणि थोड्या कमी प्रमाणात पुरुषांचं वजन प्रमाणाबाहेर आहे, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसलं. पण त्यातल्या फार थोड्यांना ऑपरेशन लागू पडतं. भारतीय शल्यचिकित्सकांनी बरीच वर्षं पाळलेला निकष बॉडी मास इंडेक्स ३७.५ चा आहे, आणि मधुमेह किंवा रक्तदाबासारखा आजार सोबत असेल तर ३२.५ चा. पाच फूट दोन इंच उंचीच्या बाईच्या बाबतीत हे आकडे साधारण ९३ आणि ८१ किलोंवर येतात. अलीकडे आंतरराष्ट्रीय संघटनांनी ही मर्यादा आणखी खाली आणली आहे.

हे ऑपरेशन धोक्याचं किती, याचं एक विश्वासार्ह मोजमाप २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलं. अमेरिकेतल्या दहा केंद्रांमध्ये पहिल्यांदाच ऑपरेशन झालेल्या ४,७७६ जणांवर महिनाभर नजर ठेवली गेली. तीस दिवसांत मृत्यू झाले हजारात तीन. गंभीर गुंतागुंत झाली शंभरात चार जणांना. पित्ताशय काढण्यासारख्या नेहमीच्या ऑपरेशनांच्या पंगतीत बसावा असा हा आकडा आहे. पण त्याहून महत्त्वाचं या अभ्यासात पुढे आलं ते असं, की धोका सगळ्यांवर सारखा वाटलेला नव्हता. ज्यांच्या पायात किंवा फुप्फुसात पूर्वी रक्ताची गुठळी झाली होती, ज्यांना झोपेत श्वास अडकण्याचा विकार होता आणि ज्यांना दोनशे फूटसुद्धा चालता येत नव्हतं, त्यांच्यात गुंतागुंत जास्त झाली. या तीन गोष्टी नीट पाहिल्या तर लक्षात येईल की तिन्ही ऑपरेशनच्या आधी कळू शकतात आणि तिन्हींवर आधी काही ना काही करता येतं. गुठळीचा इतिहास असेल तर रक्त पातळ करणारं औषध कसं आणि किती दिवस द्यायचं ते ठरतं. श्वास अडकत असेल तर मशीन आणता येतं. चालता येत नसेल तर चालण्याची ताकद आणण्यासाठी काही आठवडे व्यायाम करून घेता येतो. जठर कापण्याचं काम शल्यचिकित्सकाच्या सवयीचं झालेलं असतं. बरीचशी जोखीम हृदय, फुप्फुसं, रक्त आणि साखर यांच्या बाजूने येते. यादीतल्या निम्म्याहून अधिक तपासण्या पोटाच्या बाहेरच्या का असतात, याचं उत्तर इथे आहे.

झोपेच्या तपासणीबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण लोकांना ती सर्वांत अनावश्यक वाटते आणि माझ्या मते ती सर्वांत मोलाची आहे. घोरणं हा आपल्याकडे आजार मानलाच जात नाही. शेजारी झोपणाऱ्याला मात्र ठाऊक असतं: जोरात घोरणं चालू असतं, मग एकदम सगळं शांत होतं, दहा-वीस सेकंद छाती हलते पण हवा आत जात नाही, आणि मग धडपडून एक मोठा श्वास. मानेभोवती आणि घशात साठलेल्या चरबीमुळे झोपेत स्नायू सैल पडले की श्वासाची वाट बंद होते. रक्तातला प्राणवायू खाली जातो, मेंदू अर्धवट जागा होतो, वाट उघडते. रात्रभर हेच चालतं. ऑपरेशनसाठी येणाऱ्या स्थूल रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक जणांना हा विकार कमी-जास्त प्रमाणात असतो आणि त्यातल्या अनेकांना तो ऑपरेशनच्या निमित्तानेच कळतो. आता भुलीचा विचार करा. भूल उतरताना आणि पुढच्या एक-दोन रात्री वेदनाशामक म्हणून दिलेली अफूजन्य औषधं श्वासाची प्रेरणा मंदावतात आणि घशाचे स्नायू आणखी सैल करतात. घरी दर वेळी धडपडून जागा होणारा मेंदू त्या रात्री औषधाच्या गुंगीत असतो. हे आधी माहीत असेल तर भूलतज्ज्ञ औषधं बदलतो, डोस कमी करतो, श्वासनळीत नळी घालायची वेगळी तयारी ठेवतो, रुग्णाला पहिल्या रात्री लक्ष ठेवता येईल अशा खाटेवर ठेवतो आणि सीपॅप नावाचं, नाकावाटे दाबाने हवा देणारं मशीन लावून घेतो. निकालाने उपचार बदलतो म्हणतात तो असा.

या तपासणीसाठी दर वेळी रुग्णालयात रात्र काढावी लागतेच असं नाही. आधी आठ साध्या प्रश्नांची एक चाळणी लावतात: मोठ्याने घोरता का, दिवसा थकवा किंवा पेंग येते का, झोपेत श्वास थांबताना कुणी पाहिलंय का, रक्तदाब आहे का, बॉडी मास इंडेक्स ३५ च्या वर आहे का, वय पन्नासच्या वर आहे का, मानेचा घेर चाळीस सेंटिमीटरपेक्षा जास्त आहे का, आणि आपण पुरुष आहात का. तीनपेक्षा कमी उत्तरं ‘हो’ आली तर शक्यता कमी, पाच किंवा जास्त आली तर बरीच. मग बोटाला आणि छातीला लावायचं छोटं यंत्र घरी नेऊन झोपेची नोंद करता येते. आठपैकी एका प्रश्नाचं उत्तर रुग्णाला स्वतःला देताच येत नाही, हेही ध्यानात घ्या. मुंबईत एका खोलीत एकटा राहणारा आपल्याकडचा चाकरमानी ‘मला असं काही होत नाही’ म्हणेल आणि ते त्याच्या दृष्टीने खरंच असेल. म्हणून पहिल्या भेटीला नवरा, बायको, आई, जो कुणी रात्री त्याच खोलीत झोपतो, त्याला सोबत न्यावं.

दुर्बिणीची, म्हणजे एंडोस्कोपीची, भीती वेगळ्या प्रकारची असते. ती निकालाची कमी आणि प्रत्यक्ष करून घेण्याची जास्त. सहा-आठ तास उपाशी पोटी जायचं, घशात बधिर करणारा फवारा मारतात, तो कडू लागतो आणि गिळता येत नाही असं वाटतं. पण श्वासाची वाट मोकळीच असते. डाव्या कुशीवर निजवून, दातांत एक प्लास्टिकची कडी देऊन करंगळीइतकी जाड लवचीक नळी आत सरकवतात. एक-दोनदा उमळून येतं. पाच-दहा मिनिटांत संपतं. हवी असेल तर गुंगीचं इंजेक्शन देता येतं, मात्र ज्याचा झोपेत श्वास अडकतो त्याला ते जपून द्यावं लागतं. म्हणजे आधीची तपासणी इथेही उपयोगी पडली. या दुर्बिणीने पाहतात काय? व्रण आहे का, हेलिकोबॅक्टर नावाचा जंतू आहे का, जठराचा वरचा भाग छातीच्या पडद्यातून वर सरकलाय का, आणि आम्लाने अन्ननलिकेचं अस्तर बदललंय का. शेवटच्या दोन गोष्टींवर ऑपरेशनचा प्रकारच ठरू शकतो, कारण स्लीव्हनंतर काही जणांची आम्लपित्ताची तक्रार वाढते. अन्ननलिका आधीच खराब असेल तर बायपास बरा पडतो. आणखी एक कारण आहे. बायपासनंतर जठराचा मोठा भाग शरीरातच राहतो, पण वाट बदलल्याने साध्या दुर्बिणीने तिथे पुन्हा पोचता येत नाही. जे पाहायचं ते आधीच पाहून ठेवावं लागतं.

रक्ताच्या रिपोर्टची गोष्ट निराळी. संगणकावर छापून आलेल्या कागदावर एखादा आकडा ठळक दिसला, बाजूला बाण दिसला, की छातीत धस्स होतं. ‘नॉर्मल’ म्हणजे काय ते समजलं तर यातली निम्मी भीती जाईल. बहुतेक तपासण्यांची सामान्य मर्यादा अशी आखलेली असते की निरोगी माणसांपैकी ९५ टक्के तिच्या आत येतात. याचा अर्थ प्रत्येक तपासणीत धडधाकट माणसांपैकी पाच टक्के त्या रेषेबाहेर असणारच. आता एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या एकाच निरोगी माणसावर केल्या, तर त्यातली किमान एक तरी मर्यादेबाहेर येण्याची शक्यता ६४ टक्के होते. म्हणजे वीस तपासण्यांत एकही बाण न येणं हीच कमी घडणारी गोष्ट. एका बाणाने रात्रभर जागं राहू नये. तो आकडा रेषेच्या किती बाहेर आहे आणि बाकीच्या आकड्यांशी तो जुळतो का, एवढं डॉक्टरांना विचारावं. कार्डिओग्रामचंही असंच. छातीवर चरबीचा थर जाड असेल तर हृदयाचे विद्युत संकेत कागदावर बुटके उमटतात. ते वाचणाऱ्याला रुग्णाची अंगकाठी माहीत असली पाहिजे.

काही आकडे मात्र खरंच गंभीरपणे घ्यायचे असतात. तीन महिन्यांच्या साखरेचा, म्हणजे एचबीए१सीचा, आकडा फार वर असेल तर जखम भरायला उशीर लागतो, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. डॉक्टर काही आठवडे थांबून साखर आटोक्यात आणतात. हिमोग्लोबिन, लोह, बी बारा, ड जीवनसत्त्व यांची तपासणी आपल्याकडे विशेष महत्त्वाची. त्याच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आहेत, आणि वजन जास्त असणं म्हणजे पोषण चांगलं असणं नव्हे. नव्वद किलोच्या बाईचंही हिमोग्लोबिन नऊ असू शकतं. माळकरी घरांत मासळी-मटण नसतं, तिथे बी बाराची कमतरता सहज आढळते. ऑपरेशननंतर खाणं मूठभर होतं, आणि बायपासमध्ये लोह शोषणाऱ्या वाटेलाच वळसा पडतो, बी बाराचं शोषणही कमी होतं. आधीच रिकाम्या असलेल्या साठ्यावर हा भार टाकायचा नाही, म्हणून कमतरता आधी भरून काढतात. सोनोग्राफीत पित्ताचे खडे दिसले तर त्यांचं काय करायचं ते आधी ठरतं, कारण वजन झपाट्याने उतरताना खडे वाढतात. यकृत चरबीने सुजलेलं असेल तर ऑपरेशनच्या आधी दोनेक आठवडे अगदी कमी उष्मांकांचा आहार देतात. यकृताचा डावा भाग जठरावर पसरलेला असतो, तो आक्रसला की शल्यचिकित्सकाला खालचं नीट दिसतं. उपाशी ठेवण्याची शिक्षा म्हणून तो आहार दिलेला नसतो.

एचआयव्ही आणि कावीळ बी-सीच्या तपासणीने अनेकांना अवघडल्यासारखं होतं. महाडची बाजारपेठ लहान आहे. लॅबमधला मुलगा कुणाचा तरी भाचा असतो, काउंटरवरची मुलगी शेजारच्या वाडीतली. बातमी फुटेल ही भीती उगाच नाही. इथे कायदा रुग्णाच्या बाजूने आहे. २०१७ चा एचआयव्ही आणि एड्सविषयीचा कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार माहिती देऊन संमती घेतल्याशिवाय ही तपासणी करता येत नाही, निकाल गुप्त ठेवावा लागतो आणि निकालावरून उपचार नाकारता येत नाहीत. कुणाला तरीही गावात ही तपासणी नको वाटत असेल तर ती ऑपरेशनच्या रुग्णालयातच करून घ्यायला काहीच हरकत नसते.

मानसोपचारतज्ज्ञाची भेट ही सर्वांत गैरसमज झालेली गोष्ट. ‘मी वेडा आहे का?’ आणि ‘तिथे नापास केलं तर?’ या दोन वाक्यांत सगळी धास्ती येते. प्रत्यक्षात तिथे पाहतात ते असं: माणसाला ऑपरेशन म्हणजे काय ते कळलंय का, उपचार न झालेलं नैराश्य आहे का, भूक नसताना भराभर खाण्याचे झटके येतात का, दारू किती घेतली जाते, घरातून साथ आहे का. दारूच्या प्रश्नावर उत्तर लपवलं जातं, आणि तिथेच लपवणं सर्वांत महाग पडतं. बायपासनंतर दारू रक्तात फार झपाट्याने चढते. अमेरिकेत सुमारे दोन हजार रुग्णांवर झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दारूच्या व्यसनाचं प्रमाण ऑपरेशनच्या आधी ७.६ टक्के होतं, ते दुसऱ्या वर्षी ९.६ टक्क्यांवर गेलं. नैराश्य किंवा व्यसन आढळलं तर बहुतेक वेळा होतं एवढंच, की आधी त्यावर उपचार करून मग ऑपरेशन करतात. कायमचा नकार क्वचित मिळतो.

आता सर्वांत टोकदार आक्षेप घेऊ: यादी लांबवण्यात कुणाचा तरी आर्थिक फायदा आहे. हा संशय हवेतला नाही, आणि तो उघडपणे मांडणारा माणूस महाडचाच आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर यांना २०१३ मध्ये एका तपासणी केंद्राकडून बाराशे रुपयांचा धनादेश आला. त्यांनी एका रुग्णाला एमआरआयसाठी पाठवलं होतं, त्याची ती दलाली. त्यांनी तो परत केला आणि महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे तक्रार केली. अशा दलालीवर, म्हणजे कट प्रॅक्टिसवर, राज्यभर चर्चा झाली, २०१७ मध्ये तिच्याविरुद्ध कायद्याचा मसुदाही सरकारने केला. डॉक्टरने अशी दलाली घेणं हा वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनुसार मुळातच गैरवर्तन आहे. तेव्हा रुग्णाने संशय घेतला तर त्याला कृतघ्न म्हणू नये. शिवाय, ठरावीक यादी सरसकट लावण्याला विज्ञानानेही आक्षेप घेतला आहे. मोतीबिंदूच्या १९ हजारांहून अधिक ऑपरेशनांचा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांत आधी नेहमीच्या तपासण्या केल्या, निम्म्यांत केल्या नाहीत. गुंतागुंतीचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच निघालं.

पण त्या अभ्यासावरून वजनाच्या ऑपरेशनलाही तपासण्या नकोत असं म्हणणं चुकीचं ठरेल. मोतीबिंदूला डोळा तेवढा बधिर करतात, माणूस जागा असतो, तासाभरात घरी जातो. इथे पूर्ण भूल, पोटात हवा भरणं, आणि हृदय-फुप्फुसांवर आधीच वर्षानुवर्षं भार वाहिलेलं शरीर. शिवाय डॉ. बावस्करांचंच दुसरं काम या वादात जास्त बोलकं आहे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले, तेव्हा लाल विंचू चावलेली माणसं, विशेषतः मुलं, दगावत होती. हाताशी अतिदक्षता विभाग नव्हता. ते खाटेशेजारी बसून नाडी, रक्तदाब, घाम, हातपायांचा गारवा, श्वास यांची तासातासाला नोंद करत राहिले. त्यातून विष हृदयावर कसं काम करतं याचा क्रम उलगडला, आणि प्रॅझोसिन हे रक्तदाबाचं साधं औषध वेळेत दिलं तर माणूस वाचतो हे सिद्ध झालं. जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांत ते काम पोचलं, २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ज्या डॉक्टरने नको त्या व्यवहारावर बोट ठेवलं, त्यानेच एकेका मोजमापाला उपचारात केवढी किंमत असते ते दाखवलं. मोजमापाला किंमत येते ती पुढच्या कृतीमुळे. कृती बदलणार नसेल तर तपासणी फुकाची, आणि बदलणार असेल तर ती खर्चिक असूनही स्वस्त. त्याच न्यायाने, छातीत दुखत नसलेल्या, जिना चढूनही दम न लागणाऱ्या तिशीतल्या माणसाला स्ट्रेस टेस्ट लिहिली असेल तर ‘कशासाठी?’ असं जरूर विचारावं. पाय सुजलेला नसताना, गुठळीचा इतिहास नसताना पायांची डॉपलर लिहिली असेल तर तेही विचारावं. चांगला डॉक्टर या प्रश्नाने दुखावत नाही.

दुसरा आक्षेप उशिराचा: तपासण्यांत दोन महिने गेले आणि तोवर काही झालं तर? वजनाचं ऑपरेशन तातडीचं नसतं. त्याचा फायदा वर्षांत मोजला जातो: स्वीडनमध्ये चार हजारांवर लोकांच्या दीर्घ अभ्यासात, सरासरी अकरा वर्षांनंतर, ऑपरेशन झालेल्या गटात मृत्यू सुमारे पाव हिश्श्याने कमी दिसले. त्या फायद्यापुढे आठ आठवडे मोठे नाहीत, आणि त्या आठवड्यांत साखर उतरवता आली, धूम्रपान सुटलं तर ते वाया गेले असं म्हणता येणार नाही. मात्र विमा कंपनीच्या अटीखातर ‘आधी इतकं वजन कमी करून दाखवा’ म्हणून महिनोन्‌महिने ताटकळत ठेवण्याला अमेरिकेतल्या या शाखेच्या शल्यचिकित्सकांच्या संघटनेनेच पुराव्याअभावी विरोध केला आहे, आणि तो मला पटतो. आपल्याकडे विमा नियामकाच्या नियमानुसार बॉडी मास इंडेक्स ४० किंवा अधिक, अथवा ३५ किंवा अधिक आणि सोबत हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र विकार किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह, अशी अट आहे. आधीचे साधे उपाय फसलेले असावे लागतात. म्हणजे झोपेच्या तपासणीचा रिपोर्ट आरोग्यासाठी जितका, तितकाच विम्याच्या दाव्यासाठीही लागू शकतो. बिलं जपून ठेवा. दाखल होण्याआधी किती दिवसांतला खर्च मिळतो ते पॉलिसीत पाहा. वजन कमी करण्याची नवी इंजेक्शनं घेत असाल तर तेही भूलतज्ज्ञाला सांगा: त्यांनी जठर रिकामं व्हायला वेळ लागतो, आणि भूल देताना पोटात अन्न असणं धोक्याचं.

राहिला अंतराचा प्रश्न, आणि तो मुंबईतल्या माहितीपत्रकात कधीच नसतो. पोलादपूरहून पहाटे चारला निघून, उपाशी पोटी, मधुमेहाची गोळी सवयीने घेऊन मुंबईत अकराला रक्त द्यायचं म्हणजे वाटेत साखर उतरून चक्कर येण्याची तयारीच. उपाशीपोटीचं रक्त महाडमध्ये सकाळी द्यावं. कार्डिओग्राम, एक्स-रे, सोनोग्राफीही जवळच होते. कुठल्या लॅबचे आणि किती दिवसांपूर्वीपर्यंतचे रिपोर्ट चालतील हे पहिल्या भेटीतच विचारून लिहून घ्यावं, म्हणजे तीच तपासणी दोनदा होत नाही. मोठ्या शहरातच होणाऱ्या एंडोस्कोपी, इको आणि भूलतज्ज्ञाची भेट एका फेरीत बसवायला सांगावं. दंड जाड असेल तर रक्तदाबाचा पट्टा मोठा मागावा. लहान पट्ट्याने आकडा खोटा वर येतो आणि नसलेल्या रक्तदाबाची फाइल तयार होते. जुलै-ऑगस्टच्या तारखा शक्यतो टाळाव्यात. जुलै २०२१ मध्ये महाड पाण्याखाली गेलं, तळिये गावावर दरड कोसळली. वरंध आणि आंबेनळी घाट पावसाळ्यात कधी बंद होतील याचा नेम नसतो, आणि ऑपरेशननंतरचे पहिले काही आठवडे डॉक्टर हाताच्या अंतरावर असावा लागतो.

ऑपरेशन करणारा डॉक्टर दीडशे-दोनशे किलोमीटरवर असतो, पण मध्यरात्री पोटात दुखलं तर गाठायचं असतं ते महाडचं किंवा पोलादपूरचं ग्रामीण रुग्णालय. तिथल्या डॉक्टरला आधीचं हिमोग्लोबिन, आधीचा कार्डिओग्राम, आधीची सोनोग्राफी दिसली तर त्या रात्री काय नवीन बिघडलंय ते लगेच कळतं. म्हणून दाखल होण्याआधी सगळ्या रिपोर्टची एक झेरॉक्स आणि झालेल्या ऑपरेशनचा प्रकार लिहिलेला कागद आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे ठेवा. त्या कागदावर एक ओळ ठळक लिहून घ्या: ऑपरेशननंतर उलट्या थांबत नसतील तर ग्लुकोजची बाटली लावण्याआधी थायमिन, म्हणजे बी वन, द्यायचं, नाहीतर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.